मिशनच्या शाळेतील इंग्रजी आणि सुट्टीतील वाचन

मार्चअखेरीस सरकारी कचेऱ्यांत हिशेबांची धांदल उडालेली असते. त्याच सुमारास हेब्बाळच्या बाजूस राहणाऱ्या मराठी घरांत मुलांच्या शाळेचा एक छापील कागद येऊन पडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचावयाच्या पुस्तकांची ती यादी असते. पुस्तके बहुधा इंग्रजी; तळाशी एखादे कन्नड किंवा हिंदी. मराठीचा उल्लेख नसतो, आणि त्याबद्दल शाळेला बोल लावण्याचे कारणही नाही; शाळा बंगळुरात आहे, पुण्यात नव्हे. बदलीच्या नोकरीतला आमच्यासारखा माणूस यादीवरून नजर फिरवितो, पुस्तकांच्या किमतीची मनातल्या मनात बेरीज करतो आणि कागद पत्नीच्या हवाली करून कचेरीत जातो. तथापि या कागदामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यात मराठी माणसाचा भाग लहान नाही. तो उकलून पाहावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. हेब्बाळ म्हणजे बंगळूरच्या उत्तर वेशीवरचे एक मोठे तळे आणि त्याच्या काठचे जुने गाव. कृषिविद्यापीठाचा जुना परिसर येथे आहे, आणि १९७३ पासून चालत आलेले बॅप्टिस्ट मिशनचे इस्पितळही. अक्षराला मात्र हे गाव नवे नव्हे. २०१८ साली गटाराचे खोदकाम चालू असता येथे आठव्या शतकातील एक कन्नड शिलालेख हाती लागला. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळचा हा लेख, ‘रट्टवाडी’च्या स्वारीत पडलेल्या कित्तय नावाच्या वीराचा. ही स्वारी राष्ट्रकूटांची, म्हणजे आपल्याच बाजूने आलेली. आम्ही मंडळी हेब्बाळात आलो ती स्वारी करीत नव्हे, बदलीचा हुकूम घेऊन, एवढाच काय तो फरक!

आता शाळेकडे वळू. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या प्रत्येक इंग्रजी शाळेस आपल्याकडे सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणण्याची चाल पडली आहे. मग ती ननांनी चालविलेली असो, प्रॉटेस्टंट पाद्र्यांनी काढलेली असो, की दोहोंशी काहीच संबंध नसलेली असो. या एका शब्दामुळे एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड होते. आपल्या देशातील ख्रिस्ती हायस्कुलांचे दोन वेगळे वंश आहेत. एका वंशातील शाळा देशी मुलांसाठी निघाल्या. दुसऱ्या वंशातील शाळा येथे राहणाऱ्या युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी निघाल्या. दोन्हींत इंग्रजी शिकविले जाई, परंतु एकीत ते परकी भाषा म्हणून आणि दुसरीत मातृभाषा म्हणून. सुट्टीतील वाचनाची जी यादी आज आपल्या हाती येते ती कोणत्या वंशाची, हे कळल्यावाचून तिच्याविषयी बरे किंवा वाईट बोलणे व्यर्थ होय.

पहिल्या वंशाचा आरंभ इंग्रजीपासून झालाच नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, तो तेथील लोकांची भाषा शिकला, आणि त्याने ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ रचिले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. भारतात येऊन वस्ती करणारा हा बहुधा पहिला इंग्रज. त्याने आपल्याला इंग्रजी शिकविले नाही, आपली मराठी तो शिकला. ख्रिस्ती पाद्री आणि इंग्रजी भाषा यांची सांगड पुढे दोनशे वर्षांनी पडली.

ती मुंबईत पडली ती डॉक्टर जॉन विल्सन यांच्यामुळे. हा स्कॉटिश पाद्री १८२९ साली मुंबईस आला. पत्नी मार्गारेट हिने मुलींच्या शाळा चालविल्या, आणि १८३२ मध्ये विल्सनसाहेबांनी इंग्रजी शाळा काढली. तीच पुढे वाढत विल्सन हायस्कूल व विल्सन कॉलेज झाली. त्याच १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले होते, इंग्रजी आणि मराठी शेजारीशेजारी छापलेले. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ यांनी राममोहन रॉय यांच्या साहाय्याने १८३० मध्येच असा प्रयोग आरंभिला होता. डफ यांचा सिद्धान्त साधा होता. मुलाला उत्तम इंग्रजी शिकवावे, त्याबरोबर शास्त्रे शिकवावीत आणि त्यांबरोबर बायबल. मग जुन्या श्रद्धेची भिंत आपोआप ढासळेल.

अभ्यासक्रमही याच हेतूने बेतलेला असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनच्या वरच्या वर्गांत मिल्टनचे ‘पॅरडाइस लॉस्ट’, कूपरच्या कविता, बेकनचे निबंध, पेलीचे ग्रंथ आणि रॉबर्ट पोलॉकचे ‘द कोर्स ऑफ टाइम’ हे दीर्घकाव्य लावलेले असे. पोलॉकचे काव्य त्या काळी घरोघर वाचले जाई. आज खुद्द स्कॉटलंडातही ते कोणी उघडत असेल असे वाटत नाही. सरकारी शाळांची यादी निराळी होती. सरकारने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे धोरण ठेविले असल्यामुळे तेथे बायबलास मज्जाव होता, आणि त्याची जागा शेक्सपिअर, पोप, ॲडिसन, गोल्डस्मिथ आणि जॉन्सनचे ‘रासेलस’ यांनी घेतली होती. मुलाची नीती सुधारावी, ही अपेक्षा दोन्हीकडे सारखीच; एकीकडे ते काम धर्मग्रंथाकडे होते, दुसरीकडे नाटक-निबंधांकडे. इंग्रजी वाङ्मय हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय म्हणून इंग्लंडातील जुन्या विद्यापीठांत स्थिरावण्यापूर्वीच तो हिंदुस्थानात शिकविला जाऊ लागला, ही गोष्ट पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. पण ती खरी आहे.

पालकांना या शाळांचे भय वाटे, आणि ते निराधार नव्हते. १८३९ मध्ये विल्सनसाहेबांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत एकच हलकल्लोळ उडाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि कित्येक घरांनी मुले शाळेतून काढून घेतली. पुढे १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाच्या हुकुमाने आईबापांच्या ताब्यात देण्यात आले. त्या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्र्यांनी जी खटपट केली आणि त्यापायी सनातन्यांचा जो रोष ओढवून घेतला, तो आपल्या सामाजिक इतिहासातला एक मानाचा प्रसंग होय. वर्गातल्या एका धड्यामुळे घर दुभंगत होते, ते काही अलंकाराने नव्हे. आज आम्ही यादीवरून नजर फिरवून कागद बाजूला ठेवितो, त्या वेळच्या बापाला तसे करणे परवडत नसे.

परंतु पाद्र्यांचा हिशेबही सरळ उतरला नाही. जोतीराव फुले यांचे उदाहरण घ्यावे. ते आमच्या विषयाच्या गाभ्यातले आहे. मराठी शाळेतून त्यांचे नाव काढून घेतले गेले होते. गफार बेग मुन्शी आणि लेजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी त्यांच्या वडिलांची, गोविंदरावांची, समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. १८४७ पर्यंत ते तेथे शिकले. तेथे बायबल होते, इंग्रजी वाचनमाला होत्या, इतिहास-भूगोल होते. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे त्यांचे स्नेही. या शिक्षणाच्या अखेरीस, १८४७ च्या सुमारास, जोतीरावांच्या हाती जे पुस्तक पडले ते कोणत्याही पाद्र्याने नेमलेले नव्हते, नेमणे शक्यही नव्हते. ते होते थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’.

पेन म्हणजे पाद्र्यांचा कर्दनकाळ. त्याच्या ‘एज ऑफ रीझन’ने बायबलवरच हत्यार धरले होते. कलकत्त्यात ही पुस्तके अमेरिकेहून जहाजाने येतात आणि देशी विद्यार्थी ती वाटेल ते मोल देऊन घेतात, अशी तक्रार डफसाहेबांनी लिहून ठेविली आहे. तक्रार करण्यासारखेच होते ते! ज्या इंग्रजीच्या किल्लीने मुलाने मिल्टनचे दार उघडावे म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच किल्लीने त्याने शेजारचे दार उघडले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. तिची प्रेरणा मात्र मिशनचीच होती: सरकारी नोकरीनिमित्त नगरास गेलेल्या गोवंडे यांच्यासह त्यांनी तेथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरर यांची मुलींची शाळा पाहिली होती. म्हणजे एका परगावी नेमलेल्या नोकरदाराच्या बिऱ्हाडी मित्र सुट्टीला आला आणि त्यातून महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचे एक पर्व सुरू झाले. बदलीच्या नोकरीची एवढी प्रतिष्ठा आमच्या सेवापुस्तिकेत कोठे नोंदविलेली आढळत नाही.

आमचे म्हणणे असे आहे की, नेमलेल्या वाचनाने मुलाला भाषा मिळते, आणि न नेमलेल्या वाचनाने तो त्या भाषेचे काय करणार हे ठरते. पुण्याच्या त्या शाळेने जोतीरावांना पेन दिला नाही, पण पेन वाचता येईल इतके इंग्रजी दिले. या दोन गोष्टींपैकी एकीचे श्रेय घेऊन दुसरीची जबाबदारी टाळण्याची सोय कोणत्याही शाळेला नाही.

आता बाबा पदमनजी यांच्याकडे येऊ. यांचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथे लंडन मिशनच्या शाळेत त्यांनी इंग्रजीचे पहिले धडे घेतले आणि पुढे मुंबईस फ्री चर्चच्या शाळेत ते शिकले. मध्यंतरी ते जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुप्त परमहंस सभेतही होते. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे डफसाहेबांचा सिद्धान्त जोतीरावांच्या बाबतीत फसला तो यांच्या बाबतीत खरा ठरला. पण पुढे पदमनजींनी काय केले ते पाहावे. १८५७ मध्ये त्यांनी विधवांच्या स्थितीवर ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठी कादंबरीचा आरंभ बहुतेक अभ्यासक तेथून धरतात. १८६३ मध्ये त्यांनी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. आपले आत्मचरित्र ‘अरुणोदय’ त्यांनी मराठीतच लिहिले. इंग्रजी शाळेतून निघालेला हा मनुष्य जन्मभर मराठीत राबला.

हा योगायोग नव्हता. पहिल्या वंशातील शाळांत देशी भाषेला घर होते. पाद्र्यांना तिची गरज होती, ती गरज स्वार्थाची होती हे खरे, परंतु तिच्यातून कामे उभी राहिली. बन्यनचे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हे मिशनच्या शाळांचे आवडते पुस्तक. त्याचे हरि केशवजी यांनी केलेले मराठी रूप ‘यात्रिकक्रमण’ १८४१ मध्येच छापून आले. अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरास निघाला. बंगळुरातही असेच होते. वेस्लियन मिशनचे जॉन गॅरेट येथे शाळा आणि छापखाना या दोहोंच्या कामात होते. त्यांच्या छापखान्यातून १८४९ मध्ये जो ग्रंथ निघाला त्याचे नाव ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतील: भगवद्गीता, संस्कृत, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. पाद्र्याच्या छापखान्यात गीता छापली गेली, आणि ती हेब्बाळपासून काही कोसांच्या आतच.

मग या घरातून देशी भाषा बाहेर गेली कशी? मराठीपुरते बोलावयाचे तर तिला पहिला धक्का पाद्र्यांनी दिला नाही, विद्यापीठाने दिला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६० नंतरच्या दशकात वरच्या परीक्षांतून देशी भाषांना रजा देण्यात आली आणि त्यांच्या जागी संस्कृत-लॅटिनसारख्या अभिजात भाषा बसल्या. मराठीला तेथे पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी १९०१ मध्ये देह ठेवीपर्यंत प्रयत्न केले. परीक्षेत जे नाही ते शाळेत टिकत नाही, हा नियम मिशनच्या शाळेलाही चुकला नाही. तरीसुद्धा सरकारी यादीतले ‘रासेलस’ कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणावयास घेतले, विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले आणि १८७३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. वडील-मुलाने मिळून एका शालेय पुस्तकाचे भाषांतर करणे, याहून चांगले सुट्टीतील वाचन आम्हांस सुचत नाही. पाद्र्यांवर कडाडून तुटून पडणाऱ्या विष्णुशास्त्र्यांची ‘निबंधमाला’ त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झाली.

दुसरा वंश येथेच, बंगळुरात, पाहावयास मिळतो. जॉर्ज कॉटन हे कलकत्त्याचे बिशप. तत्पूर्वी डॉक्टर आर्नल्ड यांच्या हाताखाली ते रग्बी शाळेत शिक्षक होते, आणि ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या सुप्रसिद्ध कादंबरीतील तरुण शिक्षक म्हणजे हेच गृहस्थ, असे मानतात. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांनी युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी शाळा काढण्याची योजना मांडली. पहिली शाळा सिमल्यास १८५९ मध्ये निघाली. बंगळूरची, त्यांच्याच नावाची, रेव्हरंड पेटिग्र्यू यांनी १८६५ मध्ये काढली. १८८० मध्ये मेथॉडिस्टांची बॉल्डविन शाळा आली. या शाळांत देशी भाषेचे काय, हा प्रश्न निघण्याचे कारणच नव्हते. मुलाची घरची भाषा इंग्रजी, शाळेची इंग्रजी, परीक्षा केम्ब्रिजची. उत्तरपत्रिका आगबोटीतून विलायतेस जात. धर्मांतराचा हेतू येथे नव्हता, कारण मुले आधीच ख्रिस्ती होती. वाङ्मय शिकवावयाचे ते इंग्रज माणसाला त्याचा वारसा परमुलखात विसरू नये म्हणून. थोडे थांबून विचार केला तर दिसते की आपण मराठी माणसे बंगळुरात मुलांसाठी जी काळजी वाहतो, ती हीच काळजी!

याच छावणीत १८९६ मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी नेमला गेला. शाळेत त्याचे फारसे तेज पडले नव्हते. बंगळूरच्या रिकाम्या दुपारी त्याने आईकडून पुस्तके मागवून गिबन, मेकॉले आणि प्लेटो वाचून काढले आणि आपले खरे शिक्षण स्वतःच उरकले. त्याच्या राजकारणाविषयी आमचे मत काहीही असो, परगावच्या नेमणुकीचा असा उपयोग करून घेणारा अधिकारी विरळा.

स्वातंत्र्यानंतर केम्ब्रिजच्या परीक्षेला देशी घर मिळाले. १९५८ मध्ये तिच्यासाठी नवी दिल्लीत परिषद स्थापन झाली, तीच आजची आय.सी.एस.ई. परीक्षा घेणारी संस्था. तिच्या अभ्यासक्रमात इंग्रजी सक्तीचे आहे, आणि शेक्सपिअर पिढ्यान्‌पिढ्या आहे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ आणि ‘ज्युलिअस सीझर’ या नाटकांतले उतारे बापलेक दोघांनाही तोंडपाठ असलेली घरे आम्हांस ठाऊक आहेत. बंगळुरात पुढे ज्या असंख्य इंग्रजी शाळा निघाल्या, ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती, त्यांनी नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेविले ते कॉटनसाहेबांचे घर, गॅरेटचे नव्हे. सुट्टीतील पुस्तकांची यादी त्या दुसऱ्या वंशातली आहे, आणि म्हणूनच मुलाची घरची भाषा इंग्रजीच आहे असे ती गृहीत धरते. आमचा आक्षेप असलाच तर तो यादीतल्या पुस्तकांवर नसून या गृहीतावर आहे. बदलीवाल्या केंद्रीय नोकरांच्या मुलांसाठी १९६२ मध्ये मंजूर झालेली केंद्रीय विद्यालयांची योजना तरी हे गृहीत धरीत नाही. परंतु तेथेही इंग्रजी, हिंदी आणि संस्कृत यांच्या पलीकडे मराठीला सहसा जागा नसते.

कन्नड लोकांनी या पेचातून वाट काढल्याचे एक उदाहरण आमच्या वाचकांस अवश्य सांगावयाचे आहे. मलनाडातला एक मुलगा म्हैसूरच्या वेस्लियन मिशन हायस्कुलात शिकावयास आला. इंग्रजी कवींच्या वाचनाने तो इतका भारला गेला की स्वतः इंग्रजीत कविता करू लागला, आणि १९२२ मध्ये त्याचे ‘बिगिनर्स म्यूज’ नावाचे लहानसे पुस्तकही निघाले. पुढे जेम्स कझिन्स हा आयरिश कवी म्हैसुरास आला असता या मुलाने त्याला आपल्या कविता दाखविल्या. कझिन्सने विचारले, तुझ्या भाषेत तू काही लिहिले आहेस काय? तो मुलगा म्हणजे कुवेंपु. कन्नडास पहिले ज्ञानपीठ पारितोषिक, १९६७ चे, त्यांच्या ‘श्रीरामायणदर्शनम्’मुळे मिळाले. जो प्रश्न शाळेने विचारावयाचा तो एका पाहुण्याने विचारला, आणि तो स्वतः आयर्लंडचा होता, ज्या देशाने इंग्रजीपायी आपली भाषा गमावण्याचे दुःख भोगले होते.

कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेत मराठी प्रथम भाषा म्हणून घेता येते, पण त्याचा लाभ बेळगावकडच्या मुलांस. हेब्बाळच्या शाळेने चार मुलांसाठी मराठीचा शिक्षक आणावा कोठून? तेव्हा जे काही व्हावयाचे ते एप्रिल-मेच्या सुट्टीत, घरीच. या कामी आम्ही एक पुस्तक सुचवितो. मोल्सवर्थ हा पाद्री नव्हता. आपल्यासारखाच परमुलखात नेमणूक झालेला सरकारी अधिकारी, लष्करातून कोशाच्या कामावर पाठविलेला. कँडी बंधूंच्या साहाय्याने त्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीस मराठी भाषेवरील टिपणे लिहिली ती विल्सनसाहेबांनी. तो आज पुनर्मुद्रणात मिळतो, संगणकावरही पाहता येतो. मराठी शब्द द्यावयाचा आणि त्याचे सारे पोट इंग्रजीत उलगडावयाचे, अशी त्याची रचना. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या पुष्कळांना तो इंग्रजीमुळे अवघड जाई. बंगळूरच्या शाळेतल्या मुलाचे तसे नाही. त्याला अर्थ वाचता येतो, शब्द तेवढा नवा असतो.